नवी बॅटरी घेण्याआधी

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं बॅटरीची आहेत. थंडी सुरू झाली की हे होतंच. थंडीत बॅटरीचा जोर कमी पडतो आणि इंजिनातलं ऑइल घट्ट झाल्यामुळे सेल्फला कष्ट जास्त पडतात. उन्हाळाभर दबलेला आजार पहिल्या गार सकाळी बाहेर येतो. साताऱ्याच्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण तसंच दुखणं मला दर महिन्याला कुणा ना कुणाच्या गाडीत भेटतं आणि त्यात माणसांचे पैसे विनाकारण जातात.

प्रश्न : माझ्याकडे १९९७ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरची. निवृत्तीनंतर गाडी आठवड्यातून दोनदाच निघते. बुधवारी बँक आणि भाजी, रविवारी मुलीकडे. दीड वर्षापूर्वी बॅटरी गेली. ती पाच वर्षांची होती, त्यामुळे तक्रार नाही. तेव्हाच चार्जिंग कमी आहे म्हणून गॅरेजवाल्यांनी रिकंडिशन केलेला अल्टरनेटरही (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) बसवला. त्यानंतरची बॅटरी सहा महिन्यांत गेली. आताची तिसरी. रविवारी रात्री लावलेली गाडी बुधवारी सकाळी नुसती ‘कट्’ करते. गॅरेजमध्ये म्हणतात, बॅटरी खराब निघाली, दुसऱ्या कंपनीची घ्या. मी मीटर विकत आणून आकडे घेतले आहेत. गाडी बंद केल्यावर दोन तासांनी १२.६ व्होल्ट. इंजिन चालू असताना १४.१, हेडलाइट लावल्यावर १३.७. बुधवारी सकाळी ११.८. यातून काय समजावं?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : गुरुजी, मीटर आणलात आणि आकडे तारखेनिशी लिहून ठेवलेत, हे वाचून मला फार बरं वाटलं. तुमचे चार आकडेच तुमची गाडी सांगतायत.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. म्हणून पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. ११.८ म्हणजे तळ दिसायला लागला. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असलं की चार्जिंग होतंय असं समजायचं. तुमचं १४.१ आहे. हेडलाइट लावूनही १३.७ टिकतंय, म्हणजे बेल्ट घसरत नाही आणि अल्टरनेटरला लोड पेलतो. बॅटरी भरते हे नक्की झालं. मग अडीच दिवसांत ती रिकामी कशी होते? एक तर बॅटरी स्वतःच धरत नाही, नाही तर गाडी उभी असताना कुणीतरी तिच्यातून करंट पितंय. लागोपाठ दोन नव्या बॅटऱ्या खराब निघाव्यात हे मला पटेना, म्हणून उत्तर छापायला देण्याआधी मी गुरुजींना फोन केला आणि आणखी एक मोजमाप करायला सांगितलं.

ते कसं करायचं ते सगळ्यांसाठी लिहितो. गाडी पूर्ण बंद, किल्ली काढलेली, दारं लावलेली. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. मी शिकाऊ असताना माझ्या शेजारच्या मुलाची अंगठी पान्यासकट पॉझिटिव्ह टर्मिनल आणि बॉडी यांच्यात सापडली होती. त्याच्या बोटावरचा वळ अजून तसाच आहे. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा. मीटरची लाल वायर १० अँपियरच्या भोकात घाला, मीटर अँपियरवर ठेवा. एक टोक सोडलेल्या केबलला, दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला. आता गाडीत जाणारा प्रत्येक करंट मीटरमधून जातो. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारायचा नाही, हेडलाइटसुद्धा लावायचे नाहीत. मीटरचा फ्यूज उडेल. काम झाल्यावर लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घालायला विसरू नका. विसरलात आणि पुढच्या वेळी तसाच मीटर बॅटरीला लावलात, तर शॉर्ट होतो.

तुमच्या वयाच्या गाडीत बंद अवस्थेत फक्त टेपची मेमरी आणि असलंच तर एखादं घड्याळ जागं असतं. एवढ्याला ०.०२ ते ०.०३ अँपियर पुष्कळ झाले. ०.०५ पर्यंत मी सोडून देतो. गुरुजींच्या मीटरवर आले ०.४८.

हिशोब करू. रविवारी रात्री नऊ ते बुधवारी सकाळी सात म्हणजे ५८ तास. ०.४८ गुणिले ५८, जवळपास २८ अँपियर-तास. बॅटरी आहे ३५ अँपियर-तासांची. म्हणजे बुधवारी सकाळी तिच्यात पाचवा हिस्सा उरतो आणि आपण तिच्याकडून सेल्फ फिरवायची अपेक्षा करतो. गॅरेजमध्ये ‘थोडंसंच लीकेज आहे’ म्हणतात ते हेच. पाच वॅटचा छतावरचा दिवा ०.४२ अँपियर घेतो. एक दिवा रात्रंदिवस चालू राहिला तर जे होईल तेच इथं चाललंय.

मग फ्यूज एकेक करून काढायला सांगितले. जो फ्यूज काढल्यावर आकडा खाली येईल, त्या फ्यूजवरच्या वस्तूंत चोर सापडतो. बहुतेक वेळा तो टेप असतो, किंवा नंतर बसवलेला हॉर्न, सेंट्रल लॉक, नाही तर दाराचं बटण दबत नसल्यामुळे विझत नसलेला दिवा. गुरुजींनी सगळे फ्यूज काढले. आकडा ०.४६. जेमतेम टेपपुरता कमी झाला.

फ्यूजबॉक्स रिकामा असूनही करंट जातोय, म्हणजे तो फ्यूजबॉक्सपर्यंत येतच नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट जाणाऱ्या जाड वायरी दोनच, एक सेल्फला आणि एक अल्टरनेटरला. आणि तुमच्याच पत्रातली एक ओळ मला सारखी टोचत होती : बॅटऱ्या मरायला लागल्या त्या अल्टरनेटर बदलल्यानंतर. म्हणून शेवटचं काम सांगितलं. निगेटिव्ह केबल सुटलेली असतानाच अल्टरनेटरच्या मागची जाड वायर काढा, टेपपट्टीत गुंडाळा, मग मीटर परत लावा. संध्याकाळी फोन आला. ०.०१.

गुरुजी, तुमच्या अल्टरनेटरची डायोड प्लेट गळकी आहे. अल्टरनेटरमध्ये तयार होतो तो एसी. डायोड त्याचा डीसी करतात आणि रात्री बॅटरीतला करंट उलटा अल्टरनेटरमध्ये शिरू नये म्हणून दारही तेच सांभाळतात. दार पूर्ण मोडलं असतं तर चार्जिंगही पडलं असतं आणि कुणीही ओळखलं असतं. तुमचं दार नुसतं फटीचं राहिलंय. दिवसा १४.१ दिसतात आणि रात्री गळतं. म्हणूनच सगळे फसले. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट दिसले की अल्टरनेटर चांगला, असं पाठ करून ठेवलेली माणसं या ठिकाणी हमखास बॅटरीला दोष देतात.

मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन आणि हेडलाइट चालू असताना, बॅटरीच्या दोन टोकांवरही एक आकडा घ्या. अर्ध्या व्होल्टच्या वर आला तर डायोडवरचा संशय आणखी पक्का. आणि मीटर नसेल त्यांच्यासाठी माझ्या वस्तादांची रीत : रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा बॉनेट पहाटे उघडून अल्टरनेटरच्या अंगाला हात लावा. सगळं इंजिन गार आणि तेवढंच कोमट लागलं, तर तो रात्रभर जागा होता.

अख्खा अल्टरनेटर बदलू नका. डायोड प्लेट वेगळी मिळते. खोलल्यावर कार्बन आणि बेअरिंगही बघून घ्यायला सांगा. चौथी बॅटरी अजून घेऊ नका. आताची बॅटरी काढून तीन-साडेतीन अँपियरवर दहा-बारा तास सावकाश चार्ज करायला द्या. तिला झाकणं आहेत, असं तुम्ही म्हणालात. मग हायड्रोमीटरने, म्हणजे अॅसिडची घनता मोजणाऱ्या नळीने, सहाही सेल तपासा. सगळे १.२६० च्या आसपास आले तर वाचली. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर ती गेली. पुन्हा पुन्हा तळापर्यंत रिकामी झालेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग कितीही चार्ज केलं तरी ते सुटत नाही. तुमची दुसरी बॅटरी अशीच गेली असणार. तिच्या कंपनीचा त्यात काही दोष नव्हता.

प्रश्न : आमची १९९९ ची ओम्नी आहे. कोकम आणि आगळाच्या बाटल्या पोचवायला रोज लागते. सेल्फ मारला की फार मंद फिरतो आणि मीटरमधले दिवे विझत आल्यासारखे होतात. बॅटरी नवीन आहे. सेल्फ खोलून झाला. दुसरं म्हणजे अॅक्सिलरेटरची केबल वर्षात दोनदा कडक झाली, बदलावी लागली. गेल्या आठवड्यात सेल्फ बराच वेळ मारल्यावर केबलच्या प्लास्टिकचा जळका वास आला. दोन वेगळे बिघाड आहेत का?
— एक वाचक भगिनी, गुहागर

उत्तर : ताई, बिघाड एकच आहे आणि केबलचा वास तुम्ही लिहिलात म्हणून तो इथं बसून सांगता येतो.

सेल्फ फिरताना शंभराहून जास्त अँपियर करंट जातो. जितका पॉझिटिव्ह केबलमधून जातो तितकाच त्याला परत बॅटरीच्या निगेटिव्हला यावं लागतं. परतीची वाट म्हणजे इंजिन, इंजिन आणि बॉडी जोडणारी तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी, बॉडी आणि निगेटिव्ह केबल. समुद्रकाठच्या हवेत ही पट्टी हिरवी पडून कुजते किंवा तिच्या बोल्टखाली गंज भरतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही. मग तो मिळेल त्या वाटेने जातो आणि इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणारी दुसरी धातूची वस्तू म्हणजे अॅक्सिलरेटरची केबल. बोटाएवढ्या जाड केबलचं काम त्या बारीक तारेवर पडतं. ती तापते, आतलं प्लास्टिक वितळतं, तार अडकून बसते. चढावर किंवा घाटात अॅक्सिलरेटर दाबलेल्या जागी अडकला तर काय होईल याचा विचार करून मी कळकळीने सांगतो, पुढच्या खेपेआधी हे काम करून घ्या.

खात्री करायला जंप स्टार्टची एक केबल पुरे. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूवर, रंग नसलेल्या जागी. सेल्फ मारा. ताडकन फिरला तर रोग अर्थिंगचाच, म्हणजे या परतीच्या वाटेचाच. मीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनावर ठेवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा हवा. तुमच्याकडे दोन-तीन व्होल्ट दिसले तर मला नवल वाटणार नाही. तेवढे व्होल्ट सेल्फपर्यंत पोचतच नाहीत.

पट्टी नवीन घाला. जुनी घासून बसवू नका, वरून बरी दिसली तरी आतल्या तारा तुटलेल्या असतात. दोन्ही टोकांच्या जागा पत्रा चकाकेपर्यंत घासा, दातेरी वायसर घालून घट्ट आवळा आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी नाही, नंतर. निगेटिव्ह केबल बॉडीला टेकते तिथंही हेच. आणि अॅक्सिलरेटरची केबल तिसऱ्यांदा बदला, पण पट्टीनंतर. दरवर्षी पाऊस संपला की हे दोन बोल्ट सोडून बघत जा.

प्रश्न : बॅटरीत घरच्या आरओ फिल्टरचं पाणी चालेल का? ते शुद्धच असतं ना?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : नाही. पिण्याला शुद्ध आणि बॅटरीला शुद्ध यात फरक आहे. आरओच्या पाण्यात थोडे क्षार राहतातच, आणि पाणी उडून गेलं तरी क्षार आतच साठत जातात. डिस्टिल्ड वॉटरच घाला, प्लेटा बुडून खुणेपर्यंत. अॅसिड वरून कधीही घालू नका, कमी होतं ते पाणी. झाकण उघडं असताना जवळ काडी, विडी नको. चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन पेट घेतो.

प्रश्न : वडिलांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी मी पुन्हा चालती केली. डायनॅमो मूळचाच आहे. सिग्नलला उभी राहिली की चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकतो, थोडी रेस दिली की विझतो. मेकॅनिक म्हणतो, डायनॅमो संपला, अल्टरनेटर टाका. वडिलांची आठवण म्हणून मला गाडी आहे तशी ठेवायची आहे. खरंच पर्याय नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, तुमचा डायनॅमो संपलेला नाही. तुम्ही लिहिलंय ते डायनॅमोचं वागणं आहे, आणि आता ते माहीत असलेली माणसं कमी झाली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. कुर्ल्याला बनलेल्या या गाड्यांवर हात बसलेले कितीतरी कारागीर त्याआधीच थांबले होते.

डायनॅमोत करंट फिरत्या आर्मेचरमध्ये तयार होतो आणि कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर, टेकलेले कार्बन तो उचलतात. आयडलिंगला तो इतका हळू फिरतो की त्याचे व्होल्ट बॅटरीच्या खाली जातात. त्या वेळी बॅटरी उलटी डायनॅमोत रिकामी होऊ नये म्हणून कंट्रोल बॉक्समधला कटआउट संपर्क तोडतो आणि दिवा लागतो. रेस दिली की संपर्क जुळतो, दिवा विझतो. सगळं आपापलं काम करतंय. अल्टरनेटरमध्ये करंट स्थिर असलेल्या स्टेटरमध्ये तयार होतो, रोटर बराच जोरात फिरवता येतो, म्हणून तो आयडलिंगलाही चार्ज करतो. त्याच्याशी तुलना करून मेकॅनिकने तुमच्या डायनॅमोला मोडीत काढलंय.

काळजी कधी करायची? चालत्या गाडीत, चांगल्या वेगाला दिवा मिणमिणत राहिला तर. तेव्हाही आधी बेल्ट बघा. अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबायला हवा. मग कार्बन किती उरलेत ते बघा. मग कम्युटेटर. तो काळा पडला असेल तर बारीक काचपेपरने साफ करायचा. एमरीने कधीच नाही. एमरीचे कण तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकतात आणि शॉर्ट करतात. पट्ट्यांमधला मायका वर आला असेल तर तो कोरून खाली घ्यावा लागतो. हे नजरेचं आणि हाताचं काम आहे, म्हाताऱ्या कारागिराकडेच न्या, आणि तो करत असताना शेजारी उभे राहून बघा.

आणखी एक. डायनॅमो खोलून बसवल्यावर किंवा गाडी फार वर्षं उभी राहिल्यावर त्याच्या फील्डला बॅटरीने क्षणभर करंट देऊन पोलॅरिटी बसवावी लागते. चुकून उलटी बसली तर कटआउटचे पॉइंट जळून चिकटतात. त्याची रीत डायनॅमोच्या बनावटीप्रमाणे बदलते, म्हणून ऐकीव माहितीवर करू नका. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत तर पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं. अशी गाडी कुणाकडे असेल तर बॅटरी बदलताना किंवा नवा रेडिओ लावताना दोनदा बघा.

माझं मत विचाराल तर गाडी रोज रात्रीच्या ट्रॅफिकमध्ये काढणार असाल तर अल्टरनेटर बसवा. तेव्हा जुना कंट्रोल बॉक्स वायरिंगमधून बाजूला करून जाड चार्जिंग वायर नवी टाकायची. रविवारी सकाळी गंगापूर धरणापर्यंत जाऊन येणार असाल तर वडिलांचा डायनॅमो राहू द्या. हेडलाइटला १०० वॅटचे बल्ब मात्र घालू नका. दोन मिळून १६ अँपियरच्या वर जातात. डायनॅमोला ते झेपत नाही आणि स्विचही जळतो.

प्रश्न : मी आयटीआय करून एका गॅरेजमध्ये शिकतो. आमचे मालक इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढतात. इंजिन बंद पडलं नाही तर अल्टरनेटर चांगला म्हणतात. आमच्या सरांनी हे करू नका असं शिकवलंय. खरं कुणाचं?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : बाळा, तुझ्या सरांचं. पण मालकांना अडाणी समजू नकोस. वर नाशिकच्या उत्तरात लिहिलेल्या डायनॅमोच्या काळात सगळेच असं बघायचे. मीही शिकताना केलंय. तेव्हा जुन्या गाड्यांत बिघडण्यासारखं नाजूक काही नव्हतं.

अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरी एकदम सुटली की त्याचा करंट जायला जागा राहत नाही आणि व्होल्टेज क्षणात कित्येक पटीने उसळतं. बॅटरी हा त्या उसळीवरचा बांध असतो. त्या एका क्षणात डायोड आणि व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर जाऊ शकतात. गाडी इंजेक्शनची असेल तर तिचा कॉम्प्युटरही जाऊ शकतो, आणि त्याची किंमत तुझ्या वर्षभराच्या पगाराला भारी पडेल. वर या परीक्षेतून कळतं काहीच नाही. गुरुजींची मारुती ८०० या परीक्षेत पास झाली असती.

आम्हाला वस्तादांनी पहिली सहा महिने हातात फक्त टेस्ट लॅम्प दिला होता, इंडिकेटरचा बल्ब आणि दोन वायरी. पाना धरायला परवानगी नव्हती. तुझ्याकडे मीटर घेण्याची सोय आहे, साधा घे. किल्ली चालू, इंजिन बंद असताना चार्जिंगचा दिवा लागतो का ते आधी बघ. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या दिव्यातून मिळतो. नुसता बल्ब उडालेला असला तरी चार्जिंग सुरू होत नाही, आणि लोक अल्टरनेटर बदलून मोकळे होतात. मग इंजिन चालू करून बॅटरीवर व्होल्ट बघ. मग हेडलाइट लावून अल्टरनेटरच्या जाड टोकापासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत, आणि अल्टरनेटरच्या बॉडीपासून निगेटिव्हपर्यंत. या दोन्ही ठिकाणी ०.२ - ०.३ च्या वर आकडा आला तर वायर किंवा जोड खराब.

मालकांशी वाद घालू नकोस. पुढची गाडी आली की ते टर्मिनलला पाना लावायच्या आत मीटर लाव आणि आकडा त्यांना ऐकू जाईल असा वाचून दाखव.